पोकळ ओंडक्यांचा हिवाळा

नोव्हेंबरात अबू धाबीत एक दिवस असा येतो, की एसी बंद करता येतो. सात-आठ महिने डोक्यावर घरघरणारा तो आवाज थांबतो आणि घरात आपण किती मोठ्यानं बोलत होतो ते एकदम लक्षात येतं. यंदा तो दिवस काल उगवला. नीलिमानं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पडद्यांना गाठी मारल्या. शेजारी नवी इमारत चढते आहे, तिथं सकाळीच शटरिंगच्या लाकडाचा ट्रक रिकामा झाला होता. वाऱ्याबरोबर ओल्या लाकडाचा, राळेचा वास आत आला. "आला बाई एकदाचा हिवाळा," ती म्हणाली. मी उठून त्या बाजूची खिडकी लावून घेतली. तिनं कारण विचारलं नाही. सतरा वर्षांच्या संसारात काही प्रश्न विचारायचे राहून जातात, तसे काही विचारायची गरजही उरत नाही.

मुळात मला हा वास आवडायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून इथं आलो ते शहराबाहेरच्या मुसफ्फा औद्योगिक भागातल्या एका लाकडाच्या वखारीत, डॉक्युमेंटेशनच्या कामावर. बोटीचे कागद, कस्टमचे कागद, माल खराब निघाला तर क्लेमचे कागद. बी.कॉम. झालेल्या माणसाला जगात कुठंही नेऊन ठेवा, तो कागदच करतो. पोर्टा केबिनमध्ये टाय लावून बसायचं आणि बाहेर वाळूवर एखाद्या तीन मजली चाळीएवढ्या उंच थप्प्या. सगळं लाकूड थेट उत्तरेकडून आलेलं, जिथं सहा महिने बर्फ असतं तिथून. व्हाइट वूड म्हणतात त्याला. नव्या फळीवर नाक टेकवलं की उन्हाळ्यातसुद्धा काहीतरी थंड आत गेल्यासारखं वाटायचं.

या शहराला लाकूड किती लागतं ते बाहेरच्याला कळणार नाही, कारण ते दिसतच नाही. स्लॅब टाकायचा, खांब ओतायचा, तर आधी लाकडाचा साचा करावा लागतो. काँक्रीट सुकलं की साचा ठोकून काढायचा. तीन-चार वेळा वापरला की फळ्या फुटतात, मग त्यांचा जाळ होतो, त्याच्यावर कामगारांचा चहा उकळतो. म्हणजे एक आख्खं रान बोटीतून येतं, इमारतीला आकार देतं आणि इमारत उभी राहिली की कुठंच नसतं. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र एका खांबाला प्लास्टर केलेलं नाही. त्याच्यावर फळीच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या आहेत, आणि एका गाठीचा गोल ठसा. माझी गाडी नेमकी त्या खांबाशी लागते.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगतो आहे, त्या हिवाळ्यात आमच्या मालकानं चिरलेला माल न घेता गोल ओंडके मागवले. ते स्वस्त पडतात आणि आपल्याच करवतीवर हवे तसे चिरून घेता येतात, असा हिशेब. डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला लॉट आला. साल काही ठिकाणी तशीच होती, आणि त्या सालीला करड्या-हिरव्या जटा लोंबत होत्या. मी हातात घेऊन पाहिलं तर ओळखीचं वाटलं. हे तर दगडफूल! घरी गोडा मसाला करायचा होता आणि दुकानात दगडफूल मिळत नव्हतं. मी चांगली पिशवीभर खुडून नेलं. नीलिमानं भाजलं, वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे कसलं दगडफूल? याला ना चव ना वास. कुठल्या गुरांचा चारा उचलून आणलात?" पुढं कितीतरी दिवस आमच्याकडे पाहुणे आले की हा किस्सा निघायचा. तिचं ते वाक्य किती अचूक होतं हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली.

करवतीवर बाबी मेस्त्री होते. सावंतवाडीकडचे, जातीचे सुतार, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काडी. बायकामुलं गावी आणि हे लेबर कॅम्पच्या खोलीत सहाजणांत एक. वखारीत हिंदी बोलायचे, देवाशी आणि माझ्याशी मालवणी. त्यांची एक सवय होती. ओंडका करवतीवर चढवायच्या आधी हातोडीच्या उलट्या बाजूनं तीन जागी ठोकायचे आणि कान लावायचे. फळी असो, खांब असो, ठोकल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. मॅनेजर त्यांना चिडवायचा, "यल्ला, डॉक्टर! पेशंट जिंदा है क्या?" मेस्त्री हसायचे आणि आणखी एकदा ठोकायचे.

एके दिवशी सकाळी करवत अचानक बंद पडली. वखारीत करवत बंद पडली की शांतता इतकी मोठी होते, की सगळे आपोआप बाहेर येतात. मी गेलो तर मेस्त्री एका जाड ओंडक्यापाशी उकिडवे बसलेले. ओंडक्यात मूठ जाईल एवढं गोल भोक होतं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. "सायबानू, बद्द वाजलां," ते म्हणाले. त्यांनी पटाशीनं भोक मोठं केलं आणि आत हात घातला. आधी लाकडाचा भुसा निघाला, मग पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची पिसं, उंदराची बारीक हाडं, आणि शेवटी दोन पिल्लं. वाळलेली. दोन्ही मिळून एका ओंजळीत मावत होती. चोचीवरून वाटत होतं, घुबडाच्या जातीची असावीत. झाड पडलं तेव्हा आत होती, आणि झाडाबरोबरच आमच्यापर्यंत आली.

मेस्त्रींनी ती माझ्या हातात दिली, कारण त्यांना दोन्ही हातांनी तोंड पुसायचं होतं. वजन असं काही नव्हतंच. माझ्या टायवर एक पीस चिकटलं, ते मी घरी गेल्यावर पाहिलं.

त्यांच्या घराण्यात झाड तोडायची एक रीत होती. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्याशी नारळ-विडा ठेवायचा, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, ठोकायचं आणि गाऱ्हाणं घालायचं, की इथं जे कोणी राहतं आहे त्यांनी उद्या उजाडेपर्यंत दुसरीकडं जावं. कुऱ्हाड झाडाला टेकून ठेवायची आणि मागं न बघता घरी यायचं. आणि ठोकल्यावर झाड बद्द वाजलं, म्हणजे आतून पोकळ निघालं, तर त्याला हातच लावायचा नाही. "पोकळ झाड सुताराचां नाय," मेस्त्री म्हणायचे, "तां पाखरांचां." त्यांच्या परड्यामागं असाच एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर, म्हणजे धनेश, घर करायचा. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर महिनोन्महिने बाहेरून फळं आणून भरवतो. "घो भायर, बायल भितुर. घो दिसभर चारो हाडता. आमच्यासारखोच तो," असं सांगून हसायचे. वर्षातून एक महिना रजा मिळणारा माणूस हे हसून सांगतो तेव्हा आपण कुठं बघावं ते कळत नाही.

त्या लॉटमध्ये असे अकरा ओंडके निघाले. मेस्त्रींनी ते बाजूला काढले आणि चिरायला सरळ नाही म्हणाले. मॅनेजर पहिल्यांदा हसला, मग ओरडला. "हबीबी, लकडी आधी मर गयी है! अब काटने में क्या प्रॉब्लेम?" बोलणं खोटं नव्हतं. मेस्त्री खाली मान घालून म्हणाले, "मेरे से नहीं होगा, साब." त्यांचा व्हिसा जानेवारीत रिन्यू व्हायचा होता, धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. मॅनेजरनं दोन दिवसांची मुदत दिली, नाहीतर खलास.

मी काही शूर माणूस नाही. पण कागद ही माझी भाषा. मी मॅनेजरला म्हणालो, "सर, लकडी में होल है तो डिफेक्ट है. डिफेक्ट है तो क्लेम करेंगे. सप्लायर भरून देगा." त्याचा चेहरा उजळला. अकरा ओंडके 'सदोष माल' म्हणून थप्पीला लागले, करवत सुरू झाली, मेस्त्रींची नोकरी वाचली. आणि मला वाटलं तेवढ्यावर हे संपेल. दुपारी मेस्त्री केबिनमध्ये आले. कधी यायचे नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "सायबानू, पत्र लिवतास मा? मग त्येंका सांगा, भोकाचां लाकूड आमका नको. ठोकून बघा म्हणान सांगा. आमी घेतलांच नाय तर ते कित्याक पाडतीत?"

आम्ही घेतलंच नाही, तर ते कशाला पाडतील? मला हे इतकं पटलं, की मी टाइपरायटरवरचा आधीचा कागद काढून नवा घातला. मेस्त्री सांगत होते आणि मी इंग्रजीत वळवत होतो. त्यांचं "अरे मेल्यांनू, ठोकून बघनत नाय काय?" हे वाक्य मी 'तोडणीपूर्व योग्य तपासणी व्हावी' असं केलं. यापुढं पोकळी असलेला एकही ओंडका स्वीकारला जाणार नाही, असं शेवटी ठळक टाकलं. आयुष्यात हजारो पत्रं टाइप केली, पण सही करताना छाती भरून आली ती त्या एकाच पत्रावर.

पिल्लं आम्ही वखारीच्या कुंपणापाशी पुरली. तिथं एक गाफचं झाड होतं, वाळवंटात आपोआप उगवणारं, आपल्या शमीच्या कुळातलं. नारळ मेस्त्रींनी कॅम्पातून आणला होता. क्रेन चालवणारा गुलखान पठाण काय चाललं आहे ते बघायला आला. मेस्त्रींनी डोक्यावर रुमाल टाकला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा म्हाराजा, ज्या रानात ही पिलां जलमली त्या रानाच्या धन्या, तुका विचारल्याशिवाय तुझां झाड पाडल्यानी. पाडणाऱ्यांका म्हायत नाय, आमी लांब होतों. काय चुकलां आसात तां पोटात घाल. हेंच्या आवशी-बापाशीक दुसरां झाड गावांदे रे म्हाराजा." आणि ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मला उमगेना. मग हळूच म्हणाले, "सायबानू, 'व्हय म्हाराजा' म्हणाचां आसता. कोणी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणां पुरां होणा नाय." मी टाय सावरून म्हणालो, "व्हय म्हाराजा." ही दुआ आहे एवढं गुलखानला समजलं असावं. तो म्हणाला, "आमीन."

उत्तर आलं ते जानेवारीच्या अखेरीला. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, यापुढं पोकळीचा माल पाठवला जाणार नाही. मेस्त्रींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा मालवणीत सांगायला लावलं. त्या शुक्रवारी कॅम्पात शिरा झाला. मीही गेलो. लोखंडी पलंगावर बसून वाटीतला शिरा खाताना मला वाटत होतं, की पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला बर्फात काही झाडं उभी आहेत, ती आमच्यामुळं.

आणि खरंच, पुढच्या लॉटमध्ये एक भोक नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. मेस्त्री ठोकत राहिले, प्रत्येक लाकूड टणक वाजत राहिलं. पुढच्या संक्रांतीला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या तिळगूळ समारंभात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "बघा, आपल्या साध्या माणसांकडून जगानं शिकावं." मी मान डोलावली. आज तो प्रसंग आठवला की कानशिलं तापतात.

मेस्त्री चार-पाच वर्षांनी कायमचे गावी गेले. नोकरी सुटली तसा मी त्यांचा साहेब राहिलो नाही, झिला झालो, म्हणजे पोर. दरवर्षी त्यांच्या गावच्या जत्रेच्या सुमाराला, नोव्हेंबरात, मी फोन करतो. मुलीचं बाळंतपण, आंब्याचा मोहोर, गुडघे, आणि शेवटी न चुकता, "झिला, भोकाचां लाकूड येता काय रे आता?" मी सांगायचो, "एकही येत नाही, मेस्त्री." पलीकडून एक समाधानाचा हुंकार यायचा. त्या हुंकारासाठी मी फोन करत असेन.

मग एका हिवाळ्यात सप्लायरचा माणूस वखार बघायला आला. एरिक नावाचा, साठीच्या आसपासचा, उन्हानं लालबुंद झालेला. बाप लाकूडतोड्या, आजा लाकूडतोड्या. मी चहा मागवला आणि सहज, थोडं मिरवतच, ते जुनं पत्र काढून दाखवलं. त्यानं चष्मा लावून वाचलं. म्हणाला, आठवतं मला. तुमच्या पत्रानंतर आमच्याकडं नियम झाला. मी विचारलं, "म्हणजे पोकळ झाडं तुम्ही सोडता?"

तो माझ्याकडं बघत राहिला. लहान मुलाला कसं सांगावं, असं तोंड करून. मग म्हणाला, सोडणार कशी? जुनं पोकळ झाड मशीनसमोर कधीही कोसळतं, म्हणून पहिल्यांदा तेच पाडतात. मशीन सरळ रेषेत जातं, मागं काही उभं राहत नाही. फरक एवढाच झाला, की आधी ती झाडं तुमच्याकडं यायची, आता तिथंच ढीग करून जाळतो. मग तो बोलत राहिला, त्यालाही बहुधा कोणी विचारत नसावं. लहानपणी त्याच्या गावाभोवती घुबडं होती, सुतारपक्षी होते. भोक पाडणारा सुतारपक्षी गेला की त्या भोकात पुढं राहणारी सगळी बिऱ्हाडं गेली. लाकडासाठी रस्ते झाले, त्यांच्या मागून खाणीवाले आले, तेलवाले आले. त्याच मोकळ्या रस्त्यांनी लांडगे सहज आत शिरले. आणि रेनडिअर उपाशी राहिले, कारण हिवाळ्यात बर्फाखाली काही मिळेनासं झालं की ते जुन्या झाडांना लोंबणाऱ्या करड्या जटा खातात. नव्या लावलेल्या झाडांना त्या जटा यायला माणसाचा जन्म जातो.

मला नीलिमाचं वाक्य आठवलं, आणि आमच्या गॅसवरची ती कढई. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून थकवा म्हणतात तो काय असतो ते मला कळलं. काम केल्याचा थकवा झोपून जातो. हा जात नाही. आम्ही काही वाईट करायला गेलो नव्हतो. फक्त बाबी मेस्त्रींना वाटलं, की सगळ्या जगात झाड पाडायच्या आधी कोणीतरी माणूस त्याच्यापाशी उभा राहत असणार, ठोकत असणार, कान लावत असणार. आणि शिकल्यासवरल्या मलाही तेच वाटलं. आमच्या पत्रानं एक पाखरू वाचलं नाही. आम्हाला ती दिसेनाशी झाली एवढंच. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा माझी मुलगी वह्या भरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, दॅट्स नॉट युवर फॉल्ट." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. त्या भाषेत दोष कोणाचा हे ठरलं की प्रश्न संपतो. मेस्त्रींच्या भाषेत तसं नाही. त्यांनी तर स्वतः न पाडलेल्या झाडाचीही माफी मागितली होती.

तेव्हापासून दोन नोव्हेंबर मी फोनवर तेच सांगत आलो, एकही येत नाही. शब्दाला शब्द खरं. यंदा ठरवलं होतं, की आता पुरे. माणसानं साठी ओलांडलीय, त्याला खरं कळायला हवं. काल सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला.

मेस्त्रींचा आवाज खोल गेला होता. गुडघ्यांचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "झिला, परड्यामागलो बेहडो गेलो." डोंगरापलीकडं खाणीचं काम सुरू झालंय, त्याचा रस्ता त्यांच्या परड्यामागून काढला. मेस्त्री आडवे उभे राहिले होते. ठोकून दाखवलं, पोकळ आहे, तुमच्या काही कामाचं नाही, सोडा. "लाकूड नेल्यानी नाय रे. पोकळ म्हणान थंयच टाकल्यानी. पण पाडल्यानी." मी विचारलं, कधी? "चैतात." चैत्रात. पुढचं विचारायची हिंमत नव्हती, पण तोंडातून गेलं, "आत मादी होती?" ते म्हणाले, "नर चार दीस फिरा होतो. चोचीत फळ घेवन."

कार्डावरची मिनिटं जात होती. मग त्यांनीच विचारलं, आणि यंदा प्रश्न वेगळा होता. "झिला, थंय उत्तरेक असां करनत नाय मा? थंय ठोकून बघतत मा?"

खिडकीतून शेजारचं बांधकाम दिसत होतं. ट्रकमधून लाकडाच्या थप्प्या उतरत होत्या, नव्या, पांढऱ्या, एकही भोक नसलेल्या. "बघतात, मेस्त्री," मी म्हणालो. "ठोकून बघतात. पोकळ असलं की सोडतात."

"बरां," ते म्हणाले. "मगे बरां." आणि तिथंच, फोनवर, त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा म्हाराजा, हंयचां गेलां तां गेलां. थंयची झाडां उभी आसत, तेंका तशीच उभी ठेव. थंयच्या पाखरांका सुखान नांदांदे रे म्हाराजा."

आणि ते थांबले. दोन हजार किलोमीटरवरून त्यांचा श्वास ऐकू येत होता. कोणी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."